आसफ अली असगर फैजी

आसफ अली असगर फैजी (जन्म : १० एप्रिल १८९९, माथेरान, मृत्यू : २३ ऑक्टोबर १९८१) हे भारतीय कायदेपंडित, अरबी हस्तलिखितांचे संपादक, विधी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि मुत्सद्दी होते. विवाह, तलाक, पोटगी, अपत्यांचा ताबा, मृत्युपत्र, वारसा व वक्फ या विषयांवरील इस्लामी कायद्याचा त्यांनी ऐतिहासिक दृष्टीने अभ्यास केला. फातिमी खिलाफतीच्या काळातील ‘दआइमुल इस्लाम’ या धर्मशास्त्रीय ग्रंथाची संपादित संहिता त्यांनी प्रथमच छापील रूपात अभ्यासकांना उपलब्ध करून दिली. ‘आउटलाइन्स ऑफ मुहम्मदन लॉ’ हा त्यांचा ग्रंथ भारतीय उपखंडातील विधी महाविद्यालयांत अनेक दशके अभ्यासला जात आहे. भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान दिला.

इस्लामी कायदा हा एकसंध व अपरिवर्तनीय आहे, ही समजूत भारतात दीर्घकाळ प्रचलित होती. परंपरेचे समर्थक आणि टीकाकार असे दोन्ही पक्ष ती गृहीत धरूनच वाद करीत. हा कायदा वेगवेगळ्या पंथांत, प्रदेशांत आणि न्यायालयांत कसकसा घडत गेला हे फैजी यांनी मूळ साधनांच्या आधारे दाखविले. या संशोधनाला केवळ विद्वत्तेपुरते महत्त्व नव्हते. मुस्लिम स्त्रीच्या विवाहातील व वारशातील हक्कांचा प्रश्न त्याच्याशी थेट जोडलेला होता.

घराणे

फैजी यांचा जन्म आजच्या रायगड जिल्ह्यातील माथेरान या थंड हवेच्या ठिकाणी झाला. त्यांचे कुटुंब सुलेमानी बोहरा पंथाचे होते. बोहरा समाज हा शिया मुसलमानांच्या इस्माइली शाखेतील असून त्याच्या परंपरेचे मूळ इजिप्तच्या फातिमी खिलाफतीत व नंतरच्या येमेनमध्ये आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस धर्मप्रमुखाच्या वारसाविषयी मतभेद होऊन या समाजाचे दाऊदी आणि सुलेमानी असे दोन पंथ झाले. सुलेमानी पंथ संख्येने लहान राहिला. परंतु इंग्रजी शिक्षण, व्यापार, वकिली आणि स्त्रीशिक्षण या क्षेत्रांत मुंबईतील सुलेमानी कुटुंबे लवकर पुढे आली.

फैजी आणि तय्यबजी ही घराणी परस्परांशी नातेसंबंधांनी जोडलेली होती. व्यापारी तय्यबजी भॉयमियाँ (१८०३–१८६३) हे तय्यबजी घराण्याचे मूळ पुरुष. त्यांचे पुत्र बद्रुद्दीन तय्यबजी हे १८८७ च्या मद्रास येथील काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते व पुढे १८९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. बद्रुद्दीन यांचे पुत्र फैज तय्यबजी यांनी मुसलमानी कायद्यावर एक विस्तृत ग्रंथ लिहिला. तो १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवासवर्णन लिहिणाऱ्या अतिया फैजी आणि जंजिरा संस्थानच्या बेगम नाझली या बहिणीही याच विस्तृत कुटुंबातील होत. घरातील स्त्रिया लिहितात, प्रवास करतात आणि सार्वजनिक जीवनात वावरतात, असे वातावरण आसफ फैजी यांना लाभले. भारताच्या वतीने डेव्हिस चषक स्पर्धेत खेळलेले टेनिसपटू अतहर अली फैजी हे याच घराण्यातील. इंग्रजी आद्याक्षरांच्या साम्यामुळे त्यांची व आसफ फैजी यांची गल्लत होण्याचा संभव असतो.

शिक्षण

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि शासकीय विधी महाविद्यालयात फैजी यांचे शिक्षण झाले. १९२२ मध्ये ते केंब्रिज विद्यापीठाच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात दाखल झाले आणि तेथे त्यांनी अरबी व फारसी या भाषांचा अभ्यास केला. फारसी वाङ्मयाचे इतिहासकार ई. जी. ब्राउन आणि सूफी साहित्याचे अभ्यासक आर. ए. निकल्सन हे त्या वेळी केंब्रिजमध्ये अध्यापन करीत होते. एकाच ग्रंथाची अनेक हस्तलिखिते मिळवणे, त्यांतील पाठभेद नोंदवणे आणि त्यांतून विश्वसनीय संहिता सिद्ध करणे, ही पाश्चात्त्य प्राच्यविद्येची शिस्त फैजी यांनी तेथे आत्मसात केली. १९२५ मध्ये ते लंडनच्या मिडल टेम्पल या संस्थेतून बॅरिस्टर झाले.

भाषाशास्त्र व कायदा या दोन विद्यांचा संगम हे त्यांच्या पुढील कार्याचे वैशिष्ट्य ठरले. त्या काळी भारतातील मुसलमानी कायद्याचे बहुतेक वकील इंग्रजी निवाड्यांवर आणि इंग्रजी अनुवादांवर अवलंबून असत. तर अरबी जाणणारे उलेमा न्यायालयीन निवाड्यांपासून दूर असत. फैजी यांना दोन्ही प्रकारची साधने मुळातून वाचता येत होती.

वकिली व अध्यापन

भारतात परतल्यावर फैजी यांनी १९२६ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. १९३८ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले व १९४७ पर्यंत त्या पदावर राहिले. १९३५ मध्ये या महाविद्यालयाचे प्राचार्यपद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे आले होते. प्राचार्यपदाबरोबरच न्यायशास्त्राचे पेरी प्राध्यापक हे पदही फैजी यांनी भूषविले.

हे अध्यासन ज्यांच्या नावाने होते ते सर अर्स्किन पेरी हे मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. खोजा व मेमन समाजातील मुलींनी कुराणप्रणीत वारसाहक्काचा दावा केला असता, या समाजांतील रूढी मुलींना वारसा देत नाही आणि ती रूढीच ग्राह्य धरली पाहिजे, असा निर्णय पेरी यांनी १८४७ मध्ये दिला. धर्मग्रंथाने मुलीला दिलेला वाटा न्यायालयाने रूढीच्या आधारे नाकारल्याचे हे गाजलेले उदाहरण आहे. मुंबई इलाख्यात मुसलमानी कायद्याची प्रत्यक्षातील घडण समजून घेण्यासाठी असे निवाडे किती आवश्यक आहेत, हे फैजी यांच्या लेखनातून स्पष्ट होते. इंग्रजी अमदानीतील व नंतरचे महत्त्वाचे निवाडे त्यांनी पुढे एका स्वतंत्र ग्रंथात संकलित केले.

फातिमी कायद्याचे संशोधन

इस्माइली पंथाचे धर्मग्रंथ शतकानुशतके समाजाबाहेरच्या अभ्यासकांना सहसा उपलब्ध होत नसत. हस्तलिखिते धर्मप्रमुखांच्या ग्रंथालयांत व काही विद्वान कुटुंबांच्या संग्रही असत आणि ती वाचण्यासाठी परवानगी लागे. त्यामुळे इस्माइलींविषयी बाहेर जे लिहिले जाई ते बहुतांशी त्यांच्या विरोधकांच्या लेखनावर आधारलेले असे. ही स्थिती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात बदलू लागली. रशियन प्राच्यविद्यापंडित व्लादिमीर इवानोव्ह यांनी मुंबईत राहून या साहित्याचा शोध घेतला. १९३३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या इस्लामिक रिसर्च असोसिएशन या संस्थेच्या कार्यात फैजी अग्रभागी होते. या संस्थेने अनेक दुर्मीळ संहिता व अनुवाद प्रसिद्ध केले.

फैजी यांच्या संशोधनाचा मुख्य विषय काझी नुअमान हे दहाव्या शतकातील न्यायपंडित होते. नुअमान यांनी उत्तर आफ्रिकेतील फातिमी खलिफांची सेवा केली. खलिफा मुइझ (कारकीर्द ९५३–९७५) यांच्या काळात त्यांनी ‘दआइमुल इस्लाम’ म्हणजे इस्लामचे आधारस्तंभ हा ग्रंथ रचला. ९६९ मध्ये फातिमींनी इजिप्त जिंकून कैरो नगरीची स्थापना केली. नुअमानही पुढे तेथे आले आणि ९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा हा ग्रंथ फातिमी राज्यात अधिकृत कायदेग्रंथ मानला गेला. फातिमी सत्ता लयास गेल्यावर तो येमेन व गुजरातमधील बोहरा समाजाने जपला आणि त्यांच्या धार्मिक व कौटुंबिक व्यवहारांत तो प्रमाण राहिला.

या ग्रंथातील मृत्युपत्रविषयक प्रकरण फैजी यांनी १९३३ मध्ये ‘इस्माइली लॉ ऑफ विल्स’ या नावाने मूळ अरबी संहिता व इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात काझी नुअमान यांचे चरित्र व ग्रंथ यांवरील त्यांचा प्रबंध प्रकाशित झाला. नंतर त्यांनी संपूर्ण ग्रंथाचे संपादन हाती घेतले. त्याचा पहिला खंड कैरो येथे १९५१ मध्ये छापला गेला आणि सुमारे दहा वर्षांनी दुसरा खंड निघाला. ज्या नगरीत नुअमान यांनी अखेरचा श्वास घेतला तेथेच, सुमारे हजार वर्षांनी, भारतात जपलेल्या हस्तलिखितांच्या साहाय्याने त्यांचा ग्रंथ छापील रूपात परतला.

‘दआइमुल इस्लाम’च्या पहिल्या खंडात श्रद्धा व उपासना यांचे विवेचन असून दुसऱ्या खंडात ऐहिक व्यवहारांचे आहे. या दुसऱ्या खंडात व्यापार, अन्न, पेये, औषधोपचार, वस्त्रे, विवाह, तलाक, देणगी, मृत्युपत्र व वारसा अशी प्रकरणे येतात. आज आपण कायदा, आरोग्य आणि आचार हे विषय वेगळे मानतो; दहाव्या शतकातील न्यायपंडिताला ते एकाच कुटुंबजीवनाचे भाग वाटत होते, हे या रचनेवरून ध्यानात येते.

शिया कायदा म्हणजे केवळ इराण व इराकमधील इस्ना अशरी म्हणजे बारा इमाम मानणाऱ्या पंथाचा कायदा, असे न्यायालयांत बहुधा धरले जाई. फातिमी कायदा त्याहून काही बाबतींत वेगळा आहे हे फैजी यांच्या संशोधनामुळे सिद्ध झाले. मुता म्हणजे मुदतीचा विवाह याचे उदाहरण बोलके आहे. इस्ना अशरी कायदा तो वैध मानतो. फातिमी कायदा मात्र, शिया असूनही, सुन्नी कायद्याप्रमाणे त्याला मनाई करतो. म्हणजे शिया व सुन्नी अशी ढोबळ विभागणी करून स्त्रीच्या वैवाहिक स्थितीचा निर्णय करता येत नाही. पक्षकार कोणत्या पंथाचे आहेत व त्या पंथाचे मूळ ग्रंथ काय सांगतात हे पाहावेच लागते.

आउटलाइन्स ऑफ मुहम्मदन लॉ

१९४९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ विद्यार्थ्यांसाठी लिहिलेला असला तरी त्याची मांडणी नेहमीच्या पाठ्यपुस्तकांहून वेगळी आहे. दिनशा मुल्ला यांच्या सुप्रसिद्ध ग्रंथासारख्या पुस्तकांत नियम क्रमवार दिलेले असतात व वकिलाला ते चटकन सापडतात. फैजी यांनी आरंभी इस्लामपूर्व अरबस्तानातील चालीरीती, कुराणाने त्यांत घडवलेले बदल, हनफी, मालिकी, शाफई व हंबली या सुन्नी विचारशाखांचा आणि शिया शाखांचा उगम यांचा इतिहास दिला. त्यानंतर एकेक विषय घेऊन नियमामागील कारण आणि भारतीय न्यायालयांनी त्याला दिलेले वळण यांचे विवरण केले. ग्रंथाची चौथी आवृत्ती १९७४ मध्ये निघाली. त्यांच्या निधनानंतर २००८ मध्ये ताहिर महमूद यांनी सुधारलेली पाचवी आवृत्ती प्रसिद्ध झाली.

इस्लामी धर्मशास्त्र मानवी कृत्यांचे पाच वर्ग करते : अनिवार्य, श्रेयस्कर, उदासीन, अप्रशस्त आणि निषिद्ध. यांतील मधले वर्ग प्रामुख्याने नीतीचे व सदाचाराचे आहेत. न्यायालयाला ते लागू करता येत नाहीत. शरियत या व्यापक संकल्पनेत धर्म, नीती व कायदा एकत्र नांदतात, तर न्यायालयात जे चालते ते त्यातील एका मर्यादित भागाचे, तेही इंग्रजी संस्कार झालेले रूप होय, हा भेद फैजी यांनी विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविला.

इंग्रजी अमदानीतील परिवर्तनाचा इतिहास

भारतातील मुसलमानी कायदा हा शरियत व इंग्रजी न्यायतत्त्वे यांच्या मिश्रणातून निर्माण झाला, हे फैजी यांच्या विवेचनाचे एक मुख्य सूत्र आहे. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्ज यांच्या योजनेनुसार विवाह, वारसा इत्यादी बाबतींत हिंदूंना शास्त्र व मुसलमानांना कुराण लागू करावे असे ठरले. १७९१ मध्ये चार्ल्स हॅमिल्टन यांचा ‘हिदाया’ या हनफी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला आणि अरबी न जाणणारे न्यायाधीश त्याचा आधार घेऊ लागले. जेथे नियम सापडत नसे तेथे न्याय, समता व सदसद्विवेक या तत्त्वाने निर्णय होत असे.

यानंतर शरियतचे एकेक क्षेत्र विधिमंडळाच्या कायद्यांनी व्यापले. १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीला न्यायालयीन मान्यता उरली नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने आणि १८७२ च्या पुरावा कायद्याने फौजदारी व साक्षीपुराव्याचे मुसलमानी नियम मागे पडले. १८९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने कुटुंबीयांच्या हितासाठी केलेले काही वक्फ अवैध ठरविले. त्यामुळे मुसलमान समाजात असंतोष पसरला आणि १९१३ मध्ये नवा कायदा करून असे वक्फ वैध करण्यात आले. १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमीन वगळता वारसा व कौटुंबिक बाबतींत रूढीऐवजी शरियत लागू केली. त्यामुळे रूढीमुळे वंचित राहिलेल्या अनेक मुलींना व विधवांना वारशाचा हक्क सांगता येऊ लागला.

या इतिहासाचा निष्कर्ष महत्त्वाचा होता. भारतात शरियतला राज्यसंस्थेने कधीही स्पर्श केला नाही असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नव्हते. बदल पूर्वीच झाले होते; काही परकीय न्यायाधीशांच्या गैरसमजातून, तर काही मुसलमान समाजाच्याच मागणीवरून. यापुढील बदल जाणीवपूर्वक व न्यायबुद्धीने व्हावेत, हा फैजी यांच्या भूमिकेचा गाभा होता.

कुटुंबाचे आरोग्य आणि कायदा

कौटुंबिक कायद्याचे नियम स्त्रीच्या व अपत्यांच्या प्रकृतीशी, वयाशी आणि सुरक्षिततेशी निगडित असतात. फैजी यांच्या ग्रंथात चर्चिलेले अनेक विषय या प्रकारचे आहेत.

तलाक किंवा पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीने पुनर्विवाहापूर्वी पाळावयाचा काळ म्हणजे इद्दत. तलाकानंतर तो साधारणपणे तीन मासिक ऋतूंचा, वैधव्यात चार महिने दहा दिवसांचा आणि गरोदर स्त्रीला तलाक मिळाला असल्यास प्रसूतीपर्यंतचा असतो. अपत्याच्या पितृत्वाविषयी संदेह राहू नये हा त्याचा एक प्रमुख हेतू होय. लहान अपत्याच्या संगोपनाचा आईचा हक्क म्हणजे हिझानत. हनफी मतानुसार तो मुलाच्या बाबतीत सात वर्षांपर्यंत व मुलीच्या बाबतीत ती वयात येईपर्यंत असतो. इस्ना अशरी मतानुसार मुलासाठी दोन व मुलीसाठी सात वर्षे अशी मर्यादा आहे. इस्लाममधील विचारशाखांतच असा फरक असल्याने यांपैकी कोणताही एक आकडा अपरिवर्तनीय मानण्याचे कारण उरत नाही.

१९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा हे या दृष्टीने विशेष महत्त्वाचे उदाहरण होय. हनफी मतानुसार पीडित पत्नीला न्यायालयामार्फत विवाहातून मुक्त होणे अतिशय कठीण होते. परागंदा पतीची पत्नी वर्षानुवर्षे अडकून राही. काही स्त्रिया सुटकेचा उपाय म्हणून धर्मांतर करू लागल्या, तेव्हा उलेमांनाही या प्रश्नाचा विचार करावा लागला. मौलाना अशरफ अली थानवी यांनी या बाबतीत मालिकी मताचा आधार घेता येईल असे प्रतिपादन केले आणि त्यातून कायद्याचा मार्ग मोकळा झाला. पती चार वर्षे बेपत्ता असणे, दोन वर्षे पोटगी न देणे, क्रूर वर्तन, नपुंसकत्व, दोन वर्षांचे वेड, कुष्ठरोग व गुप्तरोग ही घटस्फोटाची कारणे या कायद्याने पत्नीला उपलब्ध करून दिली. यांतील कुष्ठरोगाचे कारण, तो रोग बरा होऊ लागल्यामुळे, २०१९ मध्ये वगळण्यात आले.

याच कायद्याने वयात आल्यावर विवाह नाकारण्याचा मुलीचा हक्क व्यापक केला. पंधरा वर्षांच्या आत पित्याने किंवा पालकाने लावून दिलेला विवाह, सहवास झालेला नसल्यास, अठरा वर्षांची होण्यापूर्वी तिला नाकारता येऊ लागला. पारंपरिक हनफी मतानुसार पित्याने लावलेला विवाह नाकारणे मुलीला जवळजवळ अशक्य होते. एका विचारशाखेतील अडचण दुसऱ्या विचारशाखेच्या साहाय्याने दूर करण्याची ही पद्धत इस्लामी परंपरेला मान्य होती आणि तिचा उपयोग पुढेही करता येईल, असा बोध या इतिहासातून मिळत होता.

तलाकच्या बाबतीतही हेच दिसते. एका बैठकीत तीनदा तलाक उच्चारून विवाह तत्काळ मोडण्याची रीत हनफी न्यायालयांनी वैध धरली होती. शिया कायदा ती मानत नाही आणि तलाकाच्या वेळी दोन साक्षीदारांची अट घालतो. विवाहाच्या करारातच काही अटी घालून पत्नीला स्वतः विवाहविच्छेद करण्याचा अधिकार प्रदान करता येतो, याही तरतुदीचे विवेचन फैजी यांनी केले आहे.

धर्म व कायदा यांचा वेगळा विचार

१९६३ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम’ या निबंधसंग्रहात फैजी यांनी आपली वैचारिक भूमिका मांडली. धर्म हा मनुष्याच्या अंतःकरणाचा व त्याच्या ईश्वराशी असलेल्या नात्याचा विषय आहे आणि तो शाश्वत मूल्यांशी निगडित आहे. कायदा हा समाजव्यवहाराचा विषय असून परिस्थितीनुसार बदलतो. म्हणून या दोहोंची फारकत केली पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादिले. धर्मांच्या इतिहासाचा व तौलनिक धर्मशास्त्राचा अभ्यास, अरबीसह सेमिटिक भाषांचे शास्त्रीय ज्ञान, शरियत व धर्मतत्त्वज्ञान यांची फेरतपासणी आणि आधुनिक विज्ञानाच्या प्रकाशात जुन्या विश्वकल्पनांचा नवा अर्थ लावणे, ही कामे त्यांनी मुसलमान विचारवंतांपुढे ठेवली.

ते स्वतः श्रद्धावान मुसलमान म्हणूनच लिहीत होते. कुराणाचा संदेश आपल्या काळाच्या भाषेत नव्याने समजून घेणे हे प्रत्येक पिढीचे कर्तव्य आहे, असे त्यांचे मत होते. या विचाराला त्यांनी उदारमतवादी इस्लाम असे म्हटले.

सार्वजनिक सेवा

१९४७ ते १९४९ या काळात फैजी मुंबई लोकसेवा आयोगाचे सदस्य होते. कैरो येथील भारताचे राजदूत सय्यद हुसेन यांचे १९४९ मध्ये निधन झाल्यानंतर त्या पदावर फैजी यांची नियुक्ती झाली व १९५१ पर्यंत त्यांनी इजिप्तमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. अरबी भाषेवरील प्रभुत्वाचा त्यांना तेथे उपयोग झाला आणि ‘दआइमुल इस्लाम’च्या मुद्रणाचे कामही याच काळात पुढे गेले. १९५२ ते १९५७ या काळात ते संघ लोकसेवा आयोगाचे सदस्य होते आणि १९५७ ते १९६० पर्यंत जम्मू व काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यानंतर केंब्रिज आणि अमेरिकेतील विद्यापीठांत त्यांनी अभ्यागत म्हणून अध्ययन व अध्यापन केले.

सुधारणेचा वाद आणि टीका

भारतीय संविधानाच्या ४४ व्या अनुच्छेदात समान नागरी कायद्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे. १९५५ व १९५६ मध्ये हिंदू कौटुंबिक कायद्यात मोठे बदल झाले, तेव्हा मुस्लिम व्यक्तिगत कायद्याच्या सुधारणेचा प्रश्नही पुढे आला. महाराष्ट्रात या प्रश्नाला हमीद दलवाई यांनी चळवळीचे रूप दिले. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईच्या विधान भवनावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुणे येथे मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. याच सुमारास, १९७१ मध्ये, फैजी यांचे ‘द रिफॉर्म ऑफ मुस्लिम पर्सनल लॉ इन इंडिया’ हे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. दलवाई यांचा मार्ग रस्त्यावरील आंदोलनाचा होता, तर फैजी यांचा ग्रंथ व न्यायालय यांचा. दोघांचाही रोख मुस्लिम स्त्रीला न्याय मिळावा याकडेच होता.

फैजी यांच्या विचारांवर दोन बाजूंनी आक्षेप घेतले गेले. शरियतमध्ये धर्म व कायदा अविभाज्य आहेत. त्यांची फारकत करणे म्हणजे पाश्चात्त्य कल्पना इस्लामवर लादणे होय, असे परंपरावादी विद्वानांचे म्हणणे होते. याउलट, धर्मग्रंथांच्या अर्थात सुधारणेचा आधार शोधण्याने स्त्रियांचे हक्क विद्वानांच्या वादात अडकून पडतात आणि राज्यघटनेतील समतेचे तत्त्व पुरेसे आहे, असे धर्मनिरपेक्ष सुधारकांतील काहींना वाटत असे. ज्या समाजासाठी त्यांनी लिहिले त्याच्या बहुसंख्य लोकांपर्यंत त्यांचे इंग्रजी लेखन पोहोचले नाही, ही मर्यादाही नमूद केली पाहिजे. असे असूनही त्यांच्या संशोधनाची प्रामाणिकता व व्यासंग यांविषयी विद्वानांत आदरच राहिला.

प्रमुख ग्रंथ

• इस्माइली लॉ ऑफ विल्स (१९३३) – ‘दआइमुल इस्लाम’मधील मृत्युपत्रविषयक प्रकरणाची संहिता व अनुवाद.
• अल हिदायतुल आमिरिया (१९३८) – फातिमी खलिफा आमिर यांच्या नावे असलेल्या, इमामपदाच्या वारशाविषयीच्या पत्राचे संपादन.
• अ शिआइट क्रीड (१९४२) – इब्न बाबुया यांच्या श्रद्धाविषयक ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद.
• आउटलाइन्स ऑफ मुहम्मदन लॉ (१९४९).
• अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम (१९६३).
• तय्यबजी भॉयमियाँ यांच्या आत्मचरित्राचे संपादन (१९६४).
• केसेस इन द मुहम्मदन लॉ ऑफ इंडिया अँड पाकिस्तान (१९६५) – न्यायालयीन निवाड्यांचे संकलन.
• कंपेंडियम ऑफ फातिमिड लॉ (१९६९) – फातिमी कौटुंबिक कायद्याचा संक्षेप.

निधन व वारसा

२३ ऑक्टोबर १९८१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, फैजी यांचे निधन झाले. इस्माइली हस्तलिखितांचा आपला संग्रह त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिला होता. या संग्रहाची वर्णनात्मक सूची १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. पूर्वी परवानगीवाचून न मिळणारे ग्रंथ त्यामुळे कोणत्याही पंथाच्या व धर्माच्या अभ्यासकाला खुले झाले. ‘दआइमुल इस्लाम’चा त्यांनी सुरू केलेला इंग्रजी अनुवाद इस्माइल पूनावाला यांनी संस्कारित करून पूर्णत्वास नेला व तो २००२ आणि २००४ मध्ये दोन खंडांत प्रकाशित झाला.

त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, १९८५ मध्ये, शाहबानो खटल्याच्या निकालामुळे घटस्फोटित मुस्लिम स्त्रीच्या पोटगीचा प्रश्न देशव्यापी वादाचा विषय झाला. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका बैठकीतील तिहेरी तलाक रद्दबातल ठरविला आणि २०१९ मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. या सर्व वादांत कुराणातील वचने, विचारशाखांतील मतभेद आणि न्यायालयीन इतिहास हे मुद्दे पुन्हा पुन्हा चर्चेला आले. ज्या साधनांच्या आधारे ही चर्चा करावी लागते, त्यांतील अनेक साधने फैजी यांनी आयुष्यभराच्या परिश्रमाने गोळा केली, तपासली व अभ्यासकांच्या हाती दिली होती.